पुरंजनाचं नऊ दारांचं नगर : पोथी स्वतःच्या आत कशी वाचावी

भागवत सप्ताहात चौथ्या स्कंधातला ध्रुव रंगतो, मागोमाग पृथू राजा येतो, आणि मग वेळ संपत आलेली असते म्हणून पुरंजनाचं आख्यान दहा मिनिटांत उरकलं जातं. मी लहानपणी ते तसंच ऐकलं. एक राजा होता, त्याला नऊ दारांचं शहर मिळालं, राणी मिळाली, म्हातारपण आलं, शहर जळालं, राजा गेला. एवढंच डोक्यात राहिलं. पोथी वाचून ती आपल्याच जगण्यात कशी शोधायची हे ज्याला शिकायचं आहे, त्याच्यासाठी या पाच अध्यायांइतकी चांगली शाळा नाही, हे फार उशिरा कळलं.

कारण सरळ आहे. बहुतेक ठिकाणी ग्रंथ रूपक मांडतो आणि गप्प बसतो. मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो, आणि बरोबर-चूक ठरवायला हाताशी काही नसतं. पुरंजनाच्या कथेचं तसं नाही. चौथ्या स्कंधाच्या २५ ते २८ या अध्यायांत नारद गोष्ट सांगतात आणि २९व्या अध्यायात तिची किल्ली स्वतःच हातात देतात. आपण आधी अंदाज बांधू शकतो आणि चुकलो तर आपली चूक पकडली जाते. रूपक वाचायची सवय अशाच ठिकाणी लागावी, असं मला मनापासून वाटतं. जिथे किल्ली नाही तिथे थेट उडी मारणारा माणूस पोथीतून पोथी वाचत नाही, स्वतःची मतं वाचतो.

लागेल ते

मूळ श्लोक आणि खाली मराठी अर्थ असलेली भागवताची प्रत घ्या. घरात एकनाथी भागवत असेल तर त्यात ही कथा शोधत बसू नका. नाथांची ती टीका फक्त अकराव्या स्कंधावर आहे. संस्कृत येत नसलं तरी श्लोक समोर असावेत, कारण या कथेत नावांनाच अर्थ आहे आणि भाषांतरात नावं पुष्कळदा निसटतात.

एक दोनशे पानी वही. दर पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला पोथीत काय आहे ते, उजवी बाजू सध्या कोरी. दिवसाला पंचवीस मिनिटं, शक्यतो एकाच वेळी, एकाच जागी. साधारण तीन आठवडे धरा. सोबत कुणी असेल तर एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने ऐकावं. कानाने ऐकलेली पोथी डोळ्यांनी वाचलेल्या पोथीपेक्षा सावकाश जाते आणि इथे सावकाशीचीच गरज आहे. ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात श्रोत्यांना सांगून ठेवलंय की चकोराची पिल्लं चांदण्यातले कोवळे अमृतकण जशी वेचतात, तशी ही कथा अनुभवावी, ‘अति हळुवारपण चित्ता आणूनियां’. वाचनाची याहून चांगली सूचना मला कुठे मिळालेली नाही.

पहिले चार दिवस : फक्त गोष्ट

रोज एक अध्याय. या चार दिवसांत अर्थ लावायचा नाही. नऊ दारं म्हणजे शरीर, हे तुम्हाला आधीच माहीत असेल. गीतेतही ‘नवद्वारे पुरे देही’ आहेच. तरी ते बाजूला ठेवा. लवकर सापडलेला अर्थ गोष्ट ऐकूच देत नाही.

गोष्ट कुणाला सांगितली जाते, याकडे सगळ्यात आधी लक्ष द्या. प्राचीनबर्ही नावाचा राजा यज्ञामागून यज्ञ करतो आहे. त्याचे मुलगे, प्रचेते, पाण्यात उभे राहून तप करत आहेत. नारद राजाकडे येतात आणि म्हणतात, तू यज्ञात निर्दयपणे मारलेले हे हजारो पशू बघ. तुझी क्रूरता आठवत ते तुझीच वाट पाहत आहेत. तू मेलास की लोखंडी शिंगांनी ते तुला फाडतील. एवढं सांगून नारद म्हणतात, आता एक जुनी हकिकत ऐक. हे सुरुवातीचं दृश्य वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. शेवटाकडे ते लागणार आहे.

पुरंजन नावाचा राजा. त्याचा एक मित्र, नाव अविज्ञात. राहायला जागा शोधत पुरंजन पृथ्वीभर हिंडतो आणि हिमालयाच्या दक्षिणेला त्याला नऊ दारांचं नगर दिसतं. तिथे दहा सेवकांसह एक सुंदर स्त्री येते. पाच फण्यांचा नाग तिची राखण करतो. तू कोण, कुणाची, असं पुरंजन विचारतो. तिचं उत्तर विलक्षण आहे. ती म्हणते, मला कुणी घडवलं, तुला कुणी घडवलं, आपलं नाव-गोत्र काय, मला ठाऊक नाही. आज आपण इथे आहोत एवढंच कळतं, हे नगर कुणी बांधलं तेही माहीत नाही. मी झोपले की हा नाग जागा राहून नगर सांभाळतो.

पुरंजन तिच्यासोबत शंभर वर्षं राहतो. ती मद्य प्याली की तो पितो, ती जेवली की तो जेवतो, ती गाते तेव्हा गातो, ती रडली की रडतो, ती हसली की हसतो. एकदा तो तिला सोडून रथातून शिकारीला जातो, बेभान होऊन जनावरं मारतो, दमून परततो आणि रुसलेल्या राणीची मनधरणी करतो. अकराशे मुलगे होतात, एकशे दहा मुली होतात. मग चंडवेग नावाचा गंधर्वांचा राजा ३६० गंधर्व आणि ३६० गंधर्वी घेऊन नगर लुटायला येतो. प्रजागर नावाचा तो नाग या ७२० जणांशी एकटा शंभर वर्षं लढतो आणि हळूहळू खचतो. तिकडे काळाची मुलगी नवरा शोधत तिन्ही लोक हिंडते आहे. तिला कुणी पत्करत नाही. ती यवनांच्या राजाकडे जाते. त्याचं नाव भय. तो तिला बहीण मानतो, आपला भाऊ प्रज्वार तिच्या सोबतीला देतो आणि सांगतो, कुणाला कळणार नाही अशा चालीने जगाचा भोग घे.

नगर पेटतं. पुरंजनाला जनावरासारखं बांधून नेतात. त्या क्षणीही त्याला जुना मित्र आठवत नाही, राणीच आठवते. म्हणून पुढच्या जन्मी तो विदर्भाच्या राजाची मुलगी होतो. तिचं लग्न पांड्य देशाच्या मलयध्वज राजाशी होतं. म्हातारपणी दोघं वनात जातात. एके दिवशी ती पतीचे पाय चेपत असते आणि पायांत ऊब लागत नाही. ती सरण रचते, स्वतःही जळून जायचं ठरवते. तेवढ्यात एक ब्राह्मण येतो आणि विचारतो, तू कोण? कुणाची? हा जो झोपला आहे आणि ज्याच्यासाठी तू रडतेस, तो कोण? ‘जानासि किं सखायं माम्’, मला ओळखतेस का, मी तुझा मित्र.

चार दिवसांत इथवर या आणि थांबा. २९वा अध्याय उघडू नका.

पाचवा दिवस : जे खटकतं ते टिपा

आता वहीच्या डाव्या बाजूला या गोष्टीत जे जे साध्या गोष्टीत बसत नाही, ते लिहा. रूपक ओळखायची ही माझ्या माहितीतली सगळ्यात भरवशाची खूण आहे. साध्या गोष्टीत नागाला नेमके पाच फणे कशाला? गंधर्व नेमके ३६० का, आणि तितक्याच गंधर्वी का? एवढी माणसं असलेल्या नगरात फक्त दोन नागरिक आंधळे आहेत, आणि तरी राजा त्यांच्याच आधाराने फिरतो आणि कामं करतो. हे कसं? सात दारं वर आणि दोन खाली का? एकाच दाराने राजा दोन वेगळ्या देशांना जातो, ते का? मित्राचं नाव ‘न कळलेला’ असं कुणी ठेवतं का?

जिथे तपशील गोष्टीच्या गरजेपेक्षा जास्त नेमका होतो, तिथे कथाकार काहीतरी सुचवत असतो. उलट, राणीचं सौंदर्य, महाल, बागा यांच्या वर्णनात प्रत्येक विशेषणाला अर्थ चिकटवू नका. कमळाला कमळच राहू द्या. ज्यांनी प्रत्येक पानाफुलाचा अर्थ काढला, त्यांच्या हाती शेवटी काही उरलेलं मी पाहिलेलं नाही.

मग उजव्या बाजूला आपला अंदाज लिहा. पेन्सिलीने. चुकायला लाजू नका. २९व्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात प्राचीनबर्ही नारदांना म्हणतो, महाराज, तुमचं बोलणं आम्हाला नीट कळलं नाही. जाणते ते समजत असतील, कर्मात गुंतलेल्या आम्हाला नाही. ज्याच्यासाठी कथा सांगितली, त्यालाच ती कळलेली नव्हती. मला या श्लोकाने फार धीर दिला.

सहावा दिवस : किल्ली

२८व्या अध्यायाच्या शेवटी एक शब्द आहे, तो आधी वाचा. नारद म्हणतात, हे अध्यात्म मी ‘पारोक्ष्येण’, म्हणजे आडून, दाखवलं. कारण भगवंत ‘परोक्षप्रिय’ आहे, त्याला आडवळणाने सांगितलेलं आवडतं. आपण ज्याला रूपक म्हणतो, त्याला परंपरेने वापरलेला हा जुना शब्द आहे. समोर असूनही सरळ न दिसणारं, ते परोक्ष.

आता २९वा अध्याय. पुरंजन म्हणजे जीव, जो स्वतःसाठी पुर, म्हणजे शरीर, उभं करतो. अविज्ञात म्हणजे ईश्वर, आणि कारणही दिलं आहे : नावाने, कर्माने, गुणाने तो जीवाला कळत नाही म्हणून. नऊ दारं म्हणजे दोन डोळे, दोन नाकपुड्या, दोन कान, तोंड आणि उत्सर्जनाची दोन द्वारं. दहा सेवक ही इंद्रियं. आंधळे नागरिक म्हणजे हात आणि पाय. नाग म्हणजे पाच प्रकारांनी वागणारा प्राण. चंडवेग म्हणजे वर्ष, गंधर्व म्हणजे दिवस, गंधर्वी म्हणजे रात्री. काळाची मुलगी म्हणजे जरा, म्हणजेच म्हातारपण, यवनांचा राजा मृत्यू, त्याचे सैनिक शरीराची आणि मनाची दुखणी, प्रज्वार म्हणजे ताप.

आणि राणी? बहुतेकांचा अंदाज इथे चुकतो. माझाही चुकला होता. मी ‘माया’ किंवा ‘वासना’ असं लिहिलं होतं. नारद म्हणतात, ‘बुद्धिं तु प्रमदां विद्यात्’, राणी म्हणजे बुद्धी, जिच्यामुळे ‘मी’ आणि ‘माझं’ तयार होतं. कीर्तनात ही कथा ‘बायकोच्या नादाने राजा बुडाला’ अशी सांगितलेली मी ऐकली आहे. ते साफ चूक आहे. राजाला नादी लावते ती त्याची स्वतःची बुद्धी, आणि पुढच्या जन्मी तर राजा स्वतःच स्त्री असतो.

आपला अंदाज आणि नारदांचं उत्तर शेजारी ठेवा. जिथे चुकलात तिथे का चुकलात ते एका ओळीत लिहा. बहुधा असं दिसेल की तुम्ही गोष्टीतला तपशील न पाहता आधीपासून माहीत असलेला अर्थ तिच्यावर टाकला होता. वासना कधी म्हणेल का, की मला कुणी घडवलं ते मला ठाऊक नाही? हा प्रश्न बुद्धीलाच पडतो आणि उत्तरही तिच्याकडे नसतं. तो तपशील राणीच्या तोंडी होता आणि मी तो वाचूनही पाहिला नव्हता.

त्यानंतरचे दिवस : एक दार, एक दिवस

किल्ली कळली म्हणजे वाचन झालं असं समजणं ही सगळ्यात मोठी अडचण आहे. राणी म्हणजे बुद्धी, नाग म्हणजे प्राण, ही यादी पाठ झाली की माणूस निघून जातो. तुकोबांनी याच जागी बोट ठेवलंय : ‘अर्थेविण पाठांतर कासया करावें’, आणि लगेच पुढे, ‘अर्थरूप राहे होऊनियां’. अर्थ कळून पुरत नाही, अर्थ होऊन राहावं लागतं. यासाठी एक दिवस एकच दार घ्या.

डोळ्यांच्या दारांची नावं खद्योता आणि आविर्मुखी. खद्योत म्हणजे काजवा. त्या दिवशी सकाळी तेवढाच श्लोक वाचा आणि दिवसात तीनदा स्वतःला विचारा : आत्ता या दाराने राजा कुठे गेला होता? घरात बसून फोनच्या पडद्यावर तासभर फिरणारा राजा त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसला. त्याला दोष देऊ नका, फक्त तो कुठे गेला ते लिहा.

तोंडाचं दार एकच, पण तिथून राजा रसज्ञ नावाच्या मित्राबरोबर बहूदन देशाला जातो आणि विपण नावाच्या मित्राबरोबर ‘आपण’ नावाच्या देशाला. बहूदन म्हणजे नाना प्रकारचं अन्न. आपण म्हणजे संस्कृतात बाजार, आणि नारद त्याचा अर्थ बोलण्याचा व्यवहार असा सांगतात. एकाच दाराने खाणं आत येतं आणि बोलणं बाहेर जातं. या दाराला मी दोन दिवस देतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बोलण्याआधी एवढंच पाहायचं, की हे सांगायचंय की विकायचंय.

कानांची दारं मला सगळ्यांत खोल वाटतात. उजवा कान पितृहू, तिथून दक्षिण पांचालाला जातात. डावा देवहू, तिथून उत्तर पांचालाला. दक्षिण पांचाल म्हणजे प्रवृत्तीचं शास्त्र, उत्तर पांचाल म्हणजे निवृत्तीचं. ऐकण्याचे दोन प्रकार आहेत : काहीतरी मिळवण्यासाठी ऐकणं आणि गुंता सोडण्यासाठी ऐकणं. घरातलं कुणी बोलत असताना आपण कुठल्या कानाने ऐकतो, हे एका संध्याकाळी नीट पाहा. उरलेल्या दारांना एकेक दिवस पुरतो, त्यावर वेगळं लिहीत नाही.

दारं झाली की राणीचे तीन दिवस. ‘ती रडली की तो रडतो’ हे वाक्य चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. दिवसात जिथे एकदम राग, अपमान किंवा फुशारकी वाटेल, तिथे मनात म्हणा : राणी रडते आहे. ‘मी रडतो’ असं लगेच म्हणू नका. क्षणभर दोघांमध्ये फट पडते. ती फट सांभाळून ठेवायची नसते, ती आपोआप बंद होते. पण ती होती, हे वहीत लिहा. माझ्या अनुभवात या पूर्ण अभ्यासातली सगळ्यात मोलाची पानं हीच आहेत. आणि इथेच एक सावधगिरी हवी : दुःख खरं असताना, घरात कुणी आजारी असताना, ‘हे राणीचं रडणं’ म्हणून ते झटकू नका. कथेत राजाने राणीला टाकून दिलेलं नाही. पाहायचं एवढंच, की आपण तिच्यामागे बांधलेल्या पाळीव हरणासारखे फिरतो आहोत का. ही उपमा भागवताचीच आहे.

एक रात्र नागासाठी. दिवे मालवल्यावर झोप लागेपर्यंत श्वास पाहत राहायचं आणि आठवायचं : मी झोपल्यावर हा जागा राहतो. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी रात्री उशाशी बसायचो. त्यांना भान नव्हतं, छाती मात्र वरखाली होत होती. ७२० जणांशी एकटा लढणारा प्रजागर मला त्या खोलीत दिसला. त्याआधी तो माझ्यासाठी वहीतला एक शब्द होता.

शेवटी रथ. शिकारीला जाताना पुरंजन ज्या रथात बसतो त्याचे भाग २९व्या अध्यायात उलगडतात : शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, पाप आणि पुण्य ही दोन चाकं, तीन गुण हे ध्वज. हाच रथ कठोपनिषदात भेटतो, ‘आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु’. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा. तिथे हा रथ विष्णूच्या परमपदाला पोचवतो, इथे तोच शिकारीला निघतो. भागवत या रथाबद्दल अजून एक गोष्ट सांगतं : तो ‘संवत्सररय’ आहे, वर्षाच्या वेगाने धावतो, आणि तरी ‘अगति’ आहे, कुठेच जात नाही. वर्ष संपताना हा एक श्लोक मी पुन्हा काढून वाचतो.

कुठे थांबायचं

काढलेला अर्थ खरा की ओढूनताणून आणलेला, हे तपासताना मी दोन-तीन गोष्टी पाहतो.

पहिलं, तो अर्थ कथेत शेवटपर्यंत टिकतो का. राणी म्हणजे वासना धरली तर पहिल्या भेटीतच अडतं, ते वर आलंच. नुसत्या शब्दांच्या फोडींवर उभा राहिलेला अर्थ सहसा दोन पानांपलीकडे जात नाही.

दुसरं, अर्थ बोट कुणाकडे दाखवतो. या कथेतला ‘यवन’ शब्द घ्या. नारदांनी स्वतः सांगितलंय की हे सैनिक म्हणजे ‘आधी’ आणि ‘व्याधी’, म्हणजे मनाची आणि शरीराची दुखणी, आणि त्यांचा राजा म्हणजे मृत्यू. ते प्रत्येकाच्या दारात येणारे आहेत. त्या शब्दावरून जो एखाद्या समाजाकडे बोट दाखवतो, त्याने २९वा अध्याय वाचलेला नाही. रूपकातला वैरी बाहेर सापडला की समजावं, वाचन भरकटलं.

तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आता वहीचं पहिलं पान काढा. नारदांनी ही कथा का सांगितली? समोर खरे पशू मारले जात होते म्हणून. २८व्या अध्यायात पुरंजनाला बांधून नेलं जातं, तेव्हा त्याने यज्ञात मारलेली जनावरं येतात आणि कुऱ्हाडींनी त्याला तोडतात. प्राचीनबर्हीने ते ऐकलं तेव्हा त्याला आपलेच पशू दिसले असणार. रूपक इथे बाहेरचं रक्त पुसत नाही, उलट ऐकणाऱ्याला त्याच्यापाशी परत आणतं. म्हणून पोथीतली न पटणारी, क्रूर वाटणारी जागा आली की ‘ते सगळं आतलं आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नये. आतलं वाचून बाहेरचं वागणं बदललं नाही, तर ते वाचन नारदांच्या हेतूच्या विरुद्ध जातं.

गीतेच्या पहिल्या अध्यायापाशी हा प्रश्न नेहमी येतो. गांधीजींना कुरुक्षेत्रात माणसाच्या हृदयातलं युद्ध दिसलं. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात गीतेचा अर्थ कर्मयोगाच्या बाजूने मांडला. मला इथे ज्ञानेश्वरांची वाट जवळची वाटते. ते युद्धाला युद्धच राहू देतात, शंखांचे आवाज ऐकवतात, आणि मग अर्जुनाच्या मनातल्या स्नेहापाशी थांबून म्हणतात : ‘जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें । परि कळिकेमाजीं सांपडे । कोंवळिये’. कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, जीव जाईल पण पाकळी चिरत नाही. बाहेरची लढाई जागेवर राहिली आणि आतली उघडी झाली. असं दोन्ही सांभाळता येतं.

किल्ली नसलेली पानं

आता पुढची पायरी, आणि ती याच कथेत आहे. २९व्या अध्यायात मलयध्वजाचा उलगडा केलेला नाही. विदर्भकन्येचा संसार, तिचा पती, वनवास यांची किल्ली नारदांनी दिलेली नाही. काही टीकाकारांनी मलयध्वजात गुरू पाहिला. तुम्ही आधी स्वतः आठ दिवस घ्या. मी दिलेल्या कसोट्या लावा आणि मग टीका उघडा.

पुढे नाथांची भारुडं घ्या, पण चढत्या क्रमाने. ‘विंचू चावला’ सोपं, कारण ‘काम क्रोध विंचू चावला’ म्हणून किल्ली पहिल्याच ओळीत दिलेली आहे. मग ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’. सून सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत एकेकाचं वाईट मागते, आणि किल्ली फक्त शेवटी, ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊं दे, एकटीच राहूं दे मला’. गावच्या जत्रेत लोक हसतात ते बरोबरच आहे, नाथांना ते हसू हवंच होतं. हसून झाल्यावर ‘एकटीच’ या शब्दापाशी थांबा. ती कोण, जी सगळी नाती गेल्यावर उरते? पुरंजनाची राणी आणि ही सून यांना शेजारी बसवून वाचा, पुष्कळ सापडेल.

मुक्ताबाईंची ‘मुंगी उडाली आकाशीं, तिणें गिळिलें सूर्यासी’ शेवटी. तिथे किल्ली शोधू नका. काही महिने ती ओळ नुसती म्हणत राहा.

आणि सगळं झाल्यावर एकदा परत २८व्या अध्यायाकडे या. शक्यतो एकट्याने, मोठ्याने वाचा. सरण रचलेलं आहे. मित्र म्हणतो, तू आणि मी मानस सरोवरातले दोन हंस होतो, मला सोडून तू नगर शोधायला निघालास. तू विदर्भाची मुलगी नाहीस, हा वीर तुझा पती नाही, नऊ दारांच्या नगरात तुला कोंडणाऱ्या त्या राणीचा तू पतीही नव्हतास. वडील गेले त्या पहाटे मी त्यांच्या पायांना हात लावला होता आणि पाय गार होते. ‘पतीच्या पायांत ऊब लागली नाही’ ही ओळ मी तेव्हापासून अडखळल्याशिवाय वाचू शकलेलो नाही. अडखळतो, थांबतो, आणि पुढची ओळ वाचतो, कारण तो ब्राह्मण त्यापुढच्याच श्लोकांत येतो, आणि येऊन गोड शब्दांत सांत्वन करता करता ओळखतेस का म्हणून विचारतो.